पिल्लू अजून कच्चा लिंबू आहे

ताई,

माझा मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. घरी त्याला पिल्लू म्हणतो, इथेही तेच लिहिते. आम्ही पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, दिवसा पिल्लू सासूबाईंजवळ असतो. बोलतो छान, "आजी पाणी दे", "बाबा गेला भुर्र" असं. पण मुलांत खेळत नाही. समोरच्या फ्लॅटमधली छकुली त्याच्याच वयाची. दोघांना एकत्र बसवलं तर एकमेकांकडे पाठ करून आपापलं खेळतात, नाहीतर हिसकाहिसकी आणि रडारड. मागच्या आठवड्यात हा तिला चावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छकुलीला रंग ओळखता येतात, एबीसीडी म्हणता येते. म्हणून नवऱ्याने फ्लॅशकार्डं आणली आहेत आणि आत्ताच नर्सरीत नाव घालू या म्हणतो. सासूबाई म्हणतात, "खेळू दे गं, त्यातूनच शिकेल." एकत्र खेळल्याने मुलं शिकतात, कल्पकता वाढते असं सगळीकडे वाचते. पण आमच्याकडे एकत्र खेळणं होतच नाही, मग शिकणार काय? अजून एक, हे कुणालाच सांगितलेलं नाही. संध्याकाळी त्याच्याशी खेळायला बसले की दहा मिनिटांत मला कंटाळा येतो, हात मोबाइलकडे जातो. मी वाईट आई आहे का? मला अहो-जाहो करू नका, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन.

— पिल्लूची आई

प्रिय पिल्लूच्या आई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो लिहिताना तुला सगळ्यात जड गेलं असणार. तू वाईट आई नाहीस. दिवसभर काम करायचं, गर्दीतून घरी यायचं आणि एकच गाडी एकाच उशीवरून चाळीस वेळा खाली सोडायची, यात मोठ्या माणसाला कंटाळा येणारच. मी ३१ वर्षं बालवाडी चालवली, कंटाळा मलाही यायचा. तुझ्या त्या दहा मिनिटांकडे मी परत येणार आहे, कारण ती तुला वाटतात त्याहून खूप मोलाची आहेत.

आधी पिल्लू आणि छकुली. पाठ करून आपापलं खेळतात असं तू लिहिलंस. पुढच्या वेळी जरा दुरून बघ, त्यांना कळू न देता. पिल्लूने डब्यावर चमचा वाजवला की छकुलीचा हात क्षणभर थांबतो का? थोड्या वेळाने तीही काहीतरी आपटते का? तिने उडी मारली की हा मारतो, मग पुन्हा ती, आणि दोघं उगाचच खिदळतात, असं होतं का? माझ्याकडे आलेल्या या वयाच्या बहुतेक जोड्यांचं असंच व्हायचं. ते त्यांचं बोलणं असतं. शब्द अजून पुरत नाहीत, म्हणून ती एकमेकांची नक्कल करतात. 'मी तुला पाहिलं' एवढा निरोप त्या नकलेतून पोचतो आणि सध्या तेवढाच पोचायला हवा असतो.

मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेतल्या मुलांचा खेळ एकेका मिनिटाने टिपून ठेवला होता. १९३२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणी एकटं खेळतं, कुणी नुसतं उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघतं, कुणी शेजारी बसून तसल्याच वस्तूंनी आपलं आपण खेळतं. मग देवाणघेवाण सुरू होते, आणि त्याच्याही पुढे 'तू डॉक्टर, मी पेशंट' असं ठरवून खेळणं येतं. लहान मुलांत शेजारी बसून आपापलं खेळणं भरपूर दिसलं, ठरवून खेळणं वयाबरोबर वाढत गेलं. नंतरच्या अभ्यासकांनी यात दुरुस्त्या केल्या. या पायऱ्या काही जिन्यासारख्या सरळ नसतात, पाच वर्षांचं मूलही एकटं खेळतं आणि मजेत असतं. पण तुझ्या कामाची गोष्ट तेव्हाही खरी होती, आजही आहे. पिल्लू मागे पडलेला नाही. त्याच्या वयाचं एकत्र खेळणं असंच दिसतं.

आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे आणि तो मला पुस्तकांतल्या सगळ्या शब्दांपेक्षा आवडतो. कच्चा लिंबू. लपंडाव असो, डबा ऐसपैस असो, साखळी असो, धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. तो पळतो, ओरडतो, पडद्यामागे लपून पाय बाहेर ठेवतो, दुसरे कुठे लपलेत ते बोट दाखवून सांगून टाकतो, तरी बाद होत नाही. कुणी त्याला बाजूला बसवून नियम समजावत नाही. खेळात राहून राहून नियम अंगात मुरतात, आणि एक दिवस तोच म्हणतो, "मी आता कच्चा नाही, माझ्यावर पण राज्य द्या." मुलं हे कुणाच्या सांगण्यावरून करत नाहीत, एकमेकांकडूनच शिकतात. लहान मुलाच्या शिक्षणाबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं या एका सवलतीत आहे. आत घ्या, चुकू द्या, बाद करू नका.

चाळीत, वाड्यात, गल्लीत हे आपोआप होई, कारण दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची मुलं एकाच अंगणात असत. आता आपण मुलांना वयाप्रमाणे वेगळं करतो आणि समवयस्काशी का खेळत नाही म्हणून काळजी करतो. समवयस्काबरोबर खेळणं सगळ्यात अवघड असतं गं! दोघांनाही धीर नाही, दोघांनाही तोच चमचा हवा. सात-आठ वर्षांची ताई मात्र थांबते, वाकते, त्याचा हात धरून पळते, त्याला बाहुलीचा बाबा करते आणि तो भूमिका विसरून निघून गेला तरी खेळ चालू ठेवते. डहाणूजवळ बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९७५ मध्ये देशभर बालविकासाची योजना सुरू झाली तेव्हा हेच नाव सगळीकडे गेलं. त्यांच्यापुढे आणखी एक अडचण होती. थोरल्या मुलींना शाळेत येता येईना, कारण कडेवर धाकटं भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभी राहिली. अडचणीतून निघालेली वाट होती, पण तिने धाकट्यांना थोरल्यांच्या सहवासात ठेवलं. मला ती फार मोठी गोष्ट वाटते.

तुमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी मोठी मुलं खेळत असणारच. त्यातल्या एखाद्या समजूतदार ताईला किंवा दादाला सरळ विचार, "याला कच्चा लिंबू घ्याल का?" आणि तू तिथेच, हाक पोचेल एवढ्या अंतरावर बस. आधी काही दिवस पिल्लू नुसता बघत उभा राहील. राहू दे. बघणं हाही खेळच आहे, त्याला ढकलू नकोस.

आता हिसकाहिसकी. दोन वर्षांच्या मुलाला 'शेअर कर' सांगणं म्हणजे ज्याच्या हातात आत्ताच पहिला पगार आलाय त्याला दानधर्म सांगण्यासारखं आहे. 'माझं' हा शब्द त्याला नुकताच सापडलाय. आधी ते नीट माझं होऊ दे, मग त्यातलं तुला देता येतं. म्हणून छकुली येणार असेल तेव्हा पिल्लूची जिवापाड आवडती वस्तू आधीच कपाटात ठेव. जे बाहेर असेल ते जोडीने असू दे, दोन सारखे डबे, दोन सारखे चमचे, दोन चेंडू. वेळ अर्धा तास, फार तर पाऊण तास. झोपेच्या किंवा भुकेच्या वेळी नको. आणि तू सोफ्यावरून सूचना देऊ नकोस, खाली सतरंजीवर बस. भांडण पेटताना तुझा आवाज वरून आला तर ती दटावणी वाटते, शेजारून आला तर मदत वाटते.

काय बोलायचं? जे घडतंय तेच. "छकुलीला पण चमचा हवाय. पिल्लूचं वाजवून झालं की तिची पाळी." मग खरंच थांबायचं, आणि त्याने स्वतःहून सोडला की तिला द्यायचा. पाळी या शब्दाचा अर्थ मुलाला असा दहा-वीस वेळा अनुभवून कळतो, सांगून कळत नाही. आपली पाळी परत येते हा विश्वास बसला की मगच हात सैल होतो.

चावण्याबद्दल तू स्वतःला फार लावून घेतलंयस. दोन वर्षांची मुलं चावतात. राग पोटभर आणि शब्द मूठभर, मग दात पुढे येतात. असं झालं की आधी छकुलीला जवळ घे. मग पिल्लूच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन ठामपणे, थोडक्यात सांग, "चावायचं नाही. तिला दुखतं." त्याला उलट चावून दाखवणं, सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावणं, हे नको. त्यातून तो फक्त लाज शिकेल. जमलं तर तिच्या हाताला फुंकर घालायला त्याला बोलाव, नाही आला तर तू घाल, तो बघतोय. आणि छकुलीच्या आईशी मोकळेपणाने बोल. तिच्या मुलीनेही कुणाचे तरी केस ओढलेले असतील.

तुझा मुख्य प्रश्न, यातून शिकणार काय? फ्लॅशकार्डाचंच उदाहरण घेऊ. कार्डावर सफरचंद, खाली शब्द. पिल्लू 'ॲपल' म्हणाला की घरात टाळ्या. आता दुसरीकडे बघ. आजी पोळ्या करतेय, पिल्लूने पोळपाट उचललाय, दोन्ही हातांनी फिरवतोय आणि तोंडाने गाडीचा आवाज काढतोय. पोळपाटाचं स्टिअरिंग झालं! एका वस्तूला दुसऱ्या वस्तूच्या जागी बसवायची झेप त्याच्या मनाने घेतली. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये खेळावर व्याख्यान दिलं, त्यात काठीच्या घोड्याचं उदाहरण आहे. मूल काठीवर बसून तिला घोडा म्हणतं तेव्हा अर्थ वस्तूपासून सुटा होतो, असं त्याचं म्हणणं. उद्या कागदावरची एक वेलांटी, एक काना कुठल्यातरी आवाजासाठी उभा आहे हे पिल्लूला कळायचंय, आणि ती हीच झेप आहे. ज्याने शंभर वेळा पोळपाटाचं स्टिअरिंग केलंय, त्याला अक्षर परकं वाटत नाही. नवऱ्याला हे जरूर सांग. फ्लॅशकार्डं वाईट नाहीत, दुकान-दुकान खेळताना नोटा म्हणून वापरली तर चांगलीच.

रंग, आकडे हे तर घरातल्या खेळात आपसूक येतात. "लाल वाटी आजीला, हिरवी बाबाला." प्रत्येक ताटात एक पोळी ठेवताना एकास एक जोडणं हातातून डोक्यात जातं, आणि पुढचं सगळं गणित त्यावरच उभं राहतं. भातुकलीत आपण तेच करत होतो.

आणि भूमिका घेताना मूल स्वतःला आवरायला शिकतं. एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारा मुलगा पेशंट झाला की डोळे मिटून पडून राहतो, कारण पेशंट असाच असतो. त्याला कुणी शांत बस म्हटलेलं नसतं.

कल्पकतेबद्दल तू विचारलंस ते मला एका प्रसंगातून सांगू दे. आमच्या बालवाडीत एकदा टीव्हीचा रिकामा खोका आला. साडेतीन वर्षांच्या दोन मुली. एक म्हणाली, "ही एस्टी आहे." दुसरीने तोवर आत जाऊन कोंबडीला अंडी घालायला बसवलं होतं. दोघी अडून बसल्या. मी मध्ये पडायला उठले आणि बसले, कशी कोण जाणे पण बसले. पाच मिनिटं वाद. मग पहिली म्हणाली, "कोंबडी पण गावाला चाललीय." दुसरी लगेच, "तिचं अर्धं तिकीट." एस्टी सुटली. वाटेत अंडी फुटू नयेत म्हणून कंडक्टर हळू चालवा म्हणून ओरडत होती. एकटीच्या खेळात ती नुसती एस्टी राहिली असती किंवा नुसतं खुराडं. कोंबडीचं तिकीट दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आधी नव्हतं. दुसऱ्याची कल्पना आपल्या कल्पनेला अडवते, आणि तिच्यासाठी जागा करताना नवीनच काहीतरी जन्मतं. मी त्या वेळी, "आधी हिची एस्टी, मग तिची कोंबडी" असा न्याय दिला असता तर भांडण मिटलं असतं आणि खेळही.

पिल्लू अजून तिथे पोचायचाय, वर्षभर तरी जाईल. तोवर त्याच्या कल्पनेला अडवणारं आणि जागा देणारं दुसरं माणूस म्हणजे तू, बाबा आणि आजी. म्हणजे आता तुझी दहा मिनिटं.

मला वाटतं तुला कंटाळा येतो तो खेळ तुलाच चालवावा लागतो म्हणून. तू ठोकळे काढतेस, मनोरा रचतेस, "हा कोणता रंग? हे किती?" विचारतेस. तो उठून जातो. हे मीही वर्षानुवर्षं केलं. चांगल्या रंगात आलेल्या मातीच्या खेळात मी जाऊन "हा गोळा मोठा की तो?" विचारायची, आणि मूल हात झटकून उठायचं. ते का उठतंय हे कळायला मला फार उशीर लागला. खेळ त्याचा होता, मी त्याची परीक्षा केली.

तर असं कर. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. खाली बस. आणि काहीही सुरू करू नकोस. त्याला सुरू करू दे. मिनिटभर काही होणार नाही, ते मिनिट सोस. तो झाकण फिरवायला लागेल. तू शेजारी दुसरं झाकण फिरव. तो बघेल. "गरगर गरगर... पडलं!" एवढंच म्हण. तो पुन्हा करेल. चौथ्या-पाचव्या वेळी तू एकच नवी गोष्ट घाल, झाकणावर चमचा ठेव, किंवा झाकण डोक्यावर घे. त्याला आवडलं तर तो उचलेल, नाही आवडलं तर सोडून दे. त्याचं एक पाऊल, तुझं एक. तू खेळ ओढत नसलीस की थकत नाहीस, आणि तो पुढे काय करेल याची उत्सुकता वाटायला लागते. रोज १०-१५ मिनिटं असं झालं तरी पुष्कळ आहे. त्याहून जास्त जमलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस.

बाकीचा वेळ कामातच खेळ होऊ दे. या वयाच्या मुलांना मदतीची हौस असते. २००६ मध्ये जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर कपडे वाळत घालताना चिमटा हातातून पाडला आणि नुसता हात लांब केला. कुणी मागितला नाही, बक्षीस ठेवलं नाही, तरी बरीच मुलं आपण होऊन उचलून द्यायला गेली. पिल्लूला चिमटे देणारा कर. मोजे जोडायला दे. बटाटे-कांदे वेगळे करू दे. कणकेचा गोळा दे, त्याची पोळी कशीही होऊ दे, तव्यावर टाक आणि त्याला वाढ. बादलीत थोडं पाणी आणि दोन मग दे, पण तिथून क्षणभरही उठू नकोस, एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. वाटाणे, हरभरे, शेंगदाणे, मणी हे अजून नकोत, नाकात आणि घशात जातात. बटणासारखा चपटा सेल असलेली खेळणी असतील तर झाकण स्क्रूने घट्ट बसलंय का ते आजच बघ. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते आणि लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर जमैकाची गोष्ट वाच. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये उंची खुंटलेल्या १२९ बाळांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी दोन वर्षं आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका यायची. ती बाळाला शिकवायची नाही, आईला बाळाशी खेळायला दाखवायची. खेळणी बाटल्यांची, खोक्यांची, कापडाची, घरीच केलेली. वीस वर्षांनी ही मुलं मोठी होऊन कमवायला लागली, तेव्हा त्यांची कमाई तशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. पौष्टिक आहाराचं पाकीट काही मुलांना वेगळं दिलं होतं, त्याचा असा दूरवरचा फरक दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा आमच्या बालवाडीत येऊन दाराशी चपला न काढताच निघून जाणाऱ्या कितीतरी आया आठवल्या. त्यांना आत बोलावून सतरंजीवर बसवायला हवं होतं.

खेळण्यांबद्दल थोडंच. निम्मी पिशवीत भरून माळ्यावर टाक, पंधरवड्याने अदलाबदल कर. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांसमोर ४ खेळणी होती तेव्हा ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली, १६ होती तेव्हा कमी. आणि बटण दाबलं की गाणारी-बोलणारी खेळणी शक्यतो नकोत. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं की अशी खेळणी असली की आईबापच कमी बोलतात. खेळणं बोलत असतं ना! पुस्तक असलं की ते जास्त बोलतात. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी भाजी-फळं मिळाली तर जरूर घे. त्या वांग्याचं काय करायचं ते पिल्लूला ठरवू दे.

पिल्लूला मोबाइल किती दाखवायचा, याबद्दलही एवढं लक्षात ठेव. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी तर उत्तमच. आणि दिवसभरात मिळून तीन तास हालचाल. त्या तीन तासांत बाबाचा मोठा वाटा असू दे. घोडा-घोडा, खांद्यावर बसवणं, गादीवर लोळवणं. कधी थांबायचं, किती जोर लावायचा, हे मुलं त्यातच शिकतात. आणि आजीला आपडी-थापडी येत असणार, तळहातावर मोराला चारा घालायचा खेळ येत असणार. तुझ्या सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, हे त्यांना आवर्जून सांग. दिवसाचे आठ-नऊ तास पिल्लूचं शिक्षण त्याच करतायत.

नर्सरी. मी घाई करणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा ३ ते ८ वर्षांचा धरलाय, आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याच्या केंद्रस्थानी खेळ आहे. पिल्लू त्या टप्प्यातही अजून आलेला नाही. त्याला मुलांचा सहवास हवा म्हणून दोन तास कुठे पाठवायचं असेल तर आधी तिथे जाऊन जमिनीकडे बघ. वाळू सांडलेली आहे का, पाणी आहे का, बाई खाली बसल्यात का? बाकं मांडून तीन वर्षांच्या मुलांच्या हातात पेन्सिल दिलेली दिसली तर नमस्कार करून परत ये.

तुझ्या पत्रात मला काळजीचं काही दिसत नाही. दोन-तीन शब्द जोडून बोलतो, गेलेल्या बाबाची गंमत सांगतो. पण एखादं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, नजर देत नसेल, खोटं-खोटं खेळत नसेल किंवा येत असलेले शब्द हरवत असतील, तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, कान तपासून घ्यावेत. हे इतर आयांसाठी लिहिते.

या शनिवारी छकुलीला आणि तिच्या आईला चहाला बोलाव. सकाळी दहाची वेळ, दोघांची पोटं भरलेली. सतरंजीवर दोन सारखे डबे, चार झाकणं, दोन चमचे आणि एखादा मोठा खोका ठेव. पिल्लूची आवडती वस्तू आधी कपाटात. चहा तुम्ही दोघी तिथेच, खाली बसून घ्या, गरम कप मुलांपासून लांब. मुलं पाठ करून बसली तर बसू देत. आणि नंतर मला कळव, खोक्याचं काय झालं.

तुझी,
ताई